गुरुवारचं पाणी

आमच्या गावच्या ओढ्याचं पाणी सरकारी बाटलीत भरायला मी स्वतः गेले, तेव्हा मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. नदीनाल्यांच्या प्रदूषणावर लक्ष ठेवणारं ते सरकारी कार्यालय होतं आणि मी तिथे कनिष्ठ शास्त्रीय सहायक होते. कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याचे नमुने घ्यायचे, ते प्रयोगशाळेत पोचवायचे आणि जे निघेल ते लिहून ठेवायचं, एवढंच माझं काम. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. फिरतीच्या त्या नोकरीत बायका फारशा नव्हत्या. जीपमधून साडी नेसलेली मुलगी उतरली की गेट उघडण्याआधी वॉचमन माझ्या मागून कोणी साहेब उतरतोय का ते बघायचे.

आमचं गाव कर्जतहून खोपोलीकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत, दोन तालुक्यांच्या शिवेवर आहे. डोंगरातून येणारा एक ओढा गावाला वळसा घालून पुढे नदीला मिळतो. त्याच्या काठाने आमची भातखाचरं. भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरायचे. उन्हाळ्यात ओढ्याच्या कडेला वांगी, काकड्या, थोडी पालेभाजी. म्हशी दुपारी त्याच पाण्यात बसायच्या आणि बायका वरच्या अंगाला कपडे धुवायच्या.

मी शाळेत असताना आमच्या वरकस माळावर रंगांचा कारखाना आला. माळ मुरमाड होता, नाचणीपलीकडे त्यात फारसं काही होत नव्हतं. बाबांनी आणि आणखी काही जणांनी आपापले तुकडे दिले. ज्या घरातून जमीन गेली त्या घरातल्या एकाला नोकरी मिळाली. आमच्या घरातून माझा मोठा भाऊ लागला. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तो कामाला लागला आणि आमच्या घराच्या कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या, आईचा दमा डॉक्टरला दाखवता आला. मी कल्याणला मावशीकडे राहून रसायनशास्त्राची पदवी घेतली, तीही दादाच्या पगारावर. हे मी आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं ते याशिवाय नीट समजणार नाही. तो कारखाना मला परका कधीच नव्हता. माझ्या पुस्तकांना त्याचाच वास होता.

कारखाना सुरू झाल्यावर चारपाच वर्षांनी ओढा बिघडायला लागला. आधी नुसता फेस आला. मग कधी तांबूस, कधी गंजासारखं पाणी. दगडांवर लालसर थर बसला आणि दगडाखालच्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, नाहीशा झाल्या. म्हशींच्या पोटाखालची कातडी सोलवटली. आमच्या खाचराच्या ओढ्याकडच्या कडेची रोपं पिवळी पडायची. पहिल्यांदा बाबांना वाटलं बियाणं वाईट लागलं. दुसऱ्या वर्षी बियाणं बदललं, तरी तीच कड पिवळी. मग ते कोणाशी काही बोलले नाहीत, पण ओढ्याच्या बाजूचा बांध त्यांनी हातभर उंच केला.

गावात तक्रारी सुरू झाल्या. ज्यांच्या घरातलं कोणी कामाला नव्हतं ते म्हणायचे, कंपनी घालवा. ज्यांच्या घरात पगार येत होता ते गप्प बसायचे. आमच्या घरात दोन्ही होतं, खराब झालेलं खाचरही आणि पगारही.

एका पावसाळ्यानंतर गावातल्या तक्रारीचा कागद फिरत फिरत आमच्या कार्यालयात आला आणि साहेबांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. माझे साहेब देशावरचे, उंच, कमी बोलणारे. मी वरचं गावाचं नाव वाचलं आणि कागद तसाच परत त्यांच्यासमोर नेला.

"साहेब, हे माझं गाव आहे. माझा भाऊ याच कारखान्यात आहे. आणि वडिलांची जमीन याच ओढ्याला लागून आहे. दुसऱ्या कोणाला पाठवा."

त्यांनी चष्मा काढला. "दुसरा कोण आहे? एक जण रजेवर, एक जण तारापूरकडे. तू जे आत्ता बोललीस ते लिहून दे. भाऊ, जमीन, सगळं. मी त्यावर सही करतो आणि फाइलला लावतो. मग लपवाछपवी राहिली नाही. मी बरोबर येईन. पण नमुना तू घ्यायचास."

मग त्यांनी कपाटातून एक जुनी फाइल काढून माझ्यासमोर टाकली. त्याच ओढ्याबद्दल पूर्वी एकदा खटला झाला होता, हे मला माहीतही नव्हतं. तेव्हाच्या माणसाने ओढ्यातून डबाभर पाणी नेलं होतं. पाणी खराब होतं याबद्दल शंका नव्हती. पण नमुना घेताना कारखान्याला नोटीस दिलेली नव्हती, त्यांच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग केलेले नव्हते, बाटलीवर दोघांच्या सह्या नव्हत्या. कोर्टाने तो नमुना पुरावा म्हणून धरलाच नाही.

"आता दिल्लीचा कायदा आपल्या राज्याला लागू आहे," साहेब म्हणाले. "त्यात सगळं लिहिलंय. तो पाठ कर. आणि आणखी एक लक्षात ठेव. हा कायदा कारखाना नको असं कुठेही म्हणत नाही. कारखान्याला आपण संमतीपत्र देतो. त्याचा अर्थ, चालव, पण पाणी सोडशील ते या मर्यादेतलं सोड. आपलं भांडण त्या मर्यादेपुरतं."

मी ते कलम खरोखर पाठ केलं. कॉलेजात मी एवढं मन लावून काही वाचलं नव्हतं.

त्या शनिवारी मी घरी गेले. संध्याकाळी पडवीत आई वाल सोलत होती, दादा नुकताच पाळीवरून आला होता. मी येण्याआधीच बातमी पोचली होती, कारण तक्रारीवर सही करणाऱ्यांतल्या कोणीतरी सगळ्यांना सांगितलं होतं की आता आपलीच पोरगी येणार.

दादाने हातपाय धुतले, माझ्यासमोर बसला. "तू कंपनी बंद पाडनार हायस?"

"बंद कोन पाडतंय, दादा? पानी बघायचं हाय."

"पानी बघशील, मंग कागुद करशील, मंग कोर्ट. कंपनीला टाळं लागलं की चाळीस घरं बसतील. आपलं पयलं बसंल. तुला शिकवलं ते याच्यासाठी काय गं?"

त्याचं चुकीचं नव्हतं. बाबा खांबाला टेकून बसले होते. बोलली ती आई, वालावरची नजर न उचलता.

"आलीस तर गुरुवारी ये. बाकीच्या दिवशी पानी बरं असतं. गुरुवारी दुपारचा भोंगा झाला की घटकाभरानं पानी कोमट व्हतं. हात घातला की कळतं. मंग तांबडं येतं. आमी बाया गुरुवारी धुनं न्येतच नाय."

मी दादाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असे, म्हणून गुरुवारी दुपारी रंगाच्या मोठ्या टाक्या धुवायच्या आणि ते धुवण मागच्या पाइपातून सोडून द्यायचं. त्या टाक्यांचा व्हॉल्व्ह कोण फिरवतो हे आईला माहीत होतं की नाही, कोण जाणे. मला तोवर माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी दादाच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं.

तो उठून आत गेला. मी कधी येणार ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

परतीच्या रस्त्यावर मला सारखं वाटत होतं की दादा सोमवारी व्यवस्थापकाला सांगेल. सांगितलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता. त्या गुरुवारी टाक्या धुतल्या नसत्या, आम्ही स्वच्छ पाणी भरून परत आलो असतो आणि गावाची तक्रार खोटी ठरली असती.

गुरुवारी आम्ही भोंग्याच्या आधी गेटवर पोचलो. व्यवस्थापक नम्र गृहस्थ होते. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला, साहेबांना प्रवास कसा झाला ते विचारलं. मी नोटीस टेबलावर ठेवली. नमुना घेऊन तपासणीला पाठवणार आहोत, असं तिच्यात छापलेलं होतं.

"घ्या की, घाई काय आहे? आधी चहा होऊ द्या. शुद्ध पाणी आहे आमचं."

तेवढ्यात भोंगा झाला. मी उठले. "सर, चहा परत आल्यावर घेईन. आपण माझ्याबरोबर चला. नमुना तुमच्यासमोर घ्यायचा आहे. तुम्ही आला नाहीत तर तसं लिहून मला एकटीला घ्यावा लागेल."

ते साहेबांकडे बघायला लागले. साहेब कपातला चहा ढवळत म्हणाले, "नमुना त्या घेणार आहेत. त्यांच्याशी बोला."

नोकरीतल्या सगळ्या वर्षांत कुठल्याही बढतीने मला त्या वाक्याएवढा ताठपणा दिला नाही.

आम्ही मागच्या भिंतीकडे गेलो. सिमेंटचा पाइप भिंतीतून बाहेर येऊन थेट ओढ्यावर उघडत होता. खाली कोरड्या दगडांवर गंजाचे ओघळ होते. पाइपातून बोटभर पाणी गळत होतं. व्यवस्थापक म्हणाले, "बघा, काही आहे का?" मी थर्मामीटर हातात धरून उभी राहिले. भिंतीच्या आत, भिंतीवरून दिसेल इतक्या उंच, टाक्यांच्या जाळीदार चौथऱ्यावर काही कामगार उभे होते. त्यांच्यात दादा होता. त्याचा हात व्हॉल्व्हच्या चाकावर होता. त्याने मला पाहिलं. मी त्याला पाहिलं.

आपण एकाच ताटात जेवलेली माणसं असतो आणि तरी एखाद्या क्षणी समोरच्याच्या मनात काय आहे ते कळत नाही. त्याने चाक तसंच धरून ठेवलं असतं तर कोणाला काही दिसलं नसतं. पण दर गुरुवारी याच वेळी तो जे करायचा तेच त्याने केलं. चाक फिरलं. आधी पाइपात गुरगुर झाली आणि मग तांबडं, वाफ निघणारं पाणी धबाबा ओढ्यात पडायला लागलं.

मी बादली धरली. पाणी हाताला लागलं तेव्हा आईचा शब्द आठवला, पण हे कोमट नव्हतं, चटका बसेल इतकं गरम होतं. आम्ल तपासायची कागदाची पट्टी बुडवली तर ती लालभडक झाली. ती मी व्यवस्थापकांना दाखवली, नोंद केली. मग सगळ्यांसमोर नमुन्याचे दोन भाग केले, बाटल्यांना बुचं लावली, वर कापड बांधलं. वाऱ्याने मेणबत्ती विझत होती, साहेबांनी तिच्याभोवती दोन्ही हात धरले. मी लाख वितळवून बुचांवर टाकली आणि शिक्का दाबला. एक थेंब अंगठ्यावर पडला, तो डाग अजून आहे. चिठ्ठ्यांवर मी सही केली. पेन व्यवस्थापकांपुढे धरलं.

त्यांनी बराच वेळ ओढ्याकडे पाहिलं. मग सही केली. ते वाईट गृहस्थ नव्हते. मला वाटतं, वरच्या लोकांना शुद्धीकरणाच्या खर्चाचं पटवून देण्याचा त्यांनाही कंटाळा आला असावा.

प्रयोगशाळेचा अहवाल आला तो अपेक्षेप्रमाणेच होता. कार्यालयाने तालुक्याच्या कोर्टात अर्ज केला की असं पाणी ओढ्यात सोडायला मनाई करावी. आणि गावात भांडणाची आग लागली.

कोणीतरी उठवलं की कोर्ट कंपनीला टाळं लावणार. कामगारांच्या घरातल्या बायका माझ्या आईशी बोलेनाशा झाल्या. दादाला टाक्यांवरून काढून आवारात पिंपं लोटायच्या कामावर टाकलं. त्याला कारण कोणी सांगितलं नाही. मी रविवारी घरी गेले तर तो मला म्हणाला, "तुला कोनी इचारलं का, गुरुवारचं मी सांगितलं होतं का म्हनून?"

"नाय."

"मलापन नाय इचारलं. इचारलं आसतं, आज बाई येनार हाय का, तर सांगितलं आसतं. खोटं बोललो नसतो. पन कोनी इचारलं नाय, मी चाक फिरवलं." मग जरा थांबून म्हणाला, "पाच वर्सं आईच्या धुन्यावर मीच सोडीत व्हतो ते."

त्याच आठवड्यात देवळात गावची बैठक झाली. मी सरकारी नोकर, म्हणून आत गेले नाही. पायरीजवळ बायकांत उभी राहिले. कामगार एका बाजूला, शेतीवाले एका बाजूला. एकमेकांना नको नको ते बोलून झालं. एकाने ओरडून विचारलं, "ज्याच्या पोरीनं ह्ये केलं तो काय म्हन्तोय? त्याला उठवा!"

बाबा उठले. गावच्या बैठकीत ते कधी बोललेले मला आठवत नाहीत. टोपी काढून परत घातली.

"माझा पोरगा कंपनीत हाय. माजं खाचर वढ्याला हाय. मी कोन्च्या बाजूला बसू, तुमीच सांगा. मी म्हन्तो कंपनी ऱ्हाऊ दे. ती ग्येली तर माजा पोरगा मुंबईला जाईल, त्याची पोरं तिकडंच व्हतील. पन कंपनी आज हाय, उद्या मालकाला दुसरीकडं परवडलं तर तो उचलून न्येईल. वढा कुठं जानार हाय? माझ्या नातवाला वढाच ऱ्हानार हाय. म्हून वढा सांभाळून कंपनी चालवा, येवढं आपन समद्यांनी मिळून सांगूया. बंद करा कोनी म्हनू नका, आनि चालू द्या तशीच, असंपन कोनी म्हनू नका."

ते खाली बसले. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. पण दादाच्या पाळीतला एक जण उठून मधल्या मोकळ्या जागेत येऊन बसला, मग दुसरा. शेवटी एकच कागद झाला आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या आणि अंगठे पडले. तो कागद त्यांनी कोर्टात द्यायचं ठरवलं.

सुनावणीच्या दिवशी मला साक्षीला उभं केलं. कारखान्याचे वकील मुंबईहून आले होते, ते इंग्रजीतच विचारत होते.

"आपला सख्खा भाऊ याच कारखान्यात आहे?"

"हो."

"आपल्या वडिलांची शेती याच ओढ्यालगत आहे?"

"हो."

"म्हणजे या प्रकरणात आपला वैयक्तिक स्वार्थ आहे. आणि हे आपण लपवून ठेवलंत."

"स्वार्थ आहे," मी म्हणाले. "लपवलेला नाही. नमुना घेण्याच्या आधीचं माझं लेखी निवेदन फाइलमध्ये आहे. कारखाना बंद पडला तर माझ्या घरचा पगार जातो. पाणी असंच राहिलं तर माझ्या घरचं भात जातं. मला दोन्ही हवंय. पण बाटलीत काय निघालं ते माझ्या हवं-नकोवर ठरलेलं नाही. तिच्या चिठ्ठीवर माझ्या सहीखाली आपल्या व्यवस्थापकांची सही आहे. दुसरी बाटली तपासायची असेल तर सील अजून तसंच आहे."

वकिलांनी कागद चाळले. साहेबांनी लावलेलं माझं निवेदन तिथे होतं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरताना मी पाहिलं, मागच्या बाकावर बाबा, त्यांना इंग्रजीतलं काही कळत नसताना, शेजारच्याला हाताने खूण करून सांगत होते, ती माझी मुलगी.

गावाचा कागदही वाचला गेला. कारखाना बंद करा असं न म्हणणारी तक्रार बहुधा तिथे कमी येत असावी, कारण न्यायाधीशांनी तो कागद दोनदा वाचला. आदेश झाला तो असा: धुवणाचं पाणी ओढ्यात सोडायचं नाही. ठराविक मुदतीत शुद्धीकरणाची व्यवस्था उभी करायची आणि ती होईपर्यंत ते पाणी आवारातच पक्क्या टाकीत साठवायचं. उत्पादन चालू ठेवायला हरकत नाही, पण टाकी भरली की थांबायचं. साहेबांनी कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून आदेशातलं वाक्य न् वाक्य बाबांना मराठीत सांगितलं. बाबांनी एकच विचारलं, "मुदत मोडली तर?" साहेब म्हणाले, "तर आम्ही परत इथे येऊ." बाबा म्हणाले, "मंग मीपन येईन."

मुदत एकदा वाढवून मागितली गेली, पण मोडली गेली नाही. वरकस माळाच्या कडेला चुन्याच्या हौदाची, निवळण्याच्या टाक्यांची रांग उभी राहिली. ती चालवायला माणूस हवा होता. कुठल्या टाकीतून काय येतं, किती वाजता येतं, किती गरम येतं हे सगळ्यांत जास्त कोणाला माहीत होतं? व्यवस्थापकांनी दादाला पिंपांवरून बोलावून घेतलं. त्यांनी माझ्या भावाला का निवडलं हे त्यांनी सांगितलं नाही. त्याला पंधरा दिवस शिकायला ठाण्याला पाठवलं. तो नववी नापास, आणि आता रविवारी माझी कॉलेजची पुस्तकं काढून बसायचा.

"ह्ये आम्ल आनि आल्कली म्हंजी काय गं? सोपं करून सांग."

मी चुन्याची निवळी आणि लिंबाचा रस घेऊन ओटीवर बसायचे आणि त्याच्या धाकट्या मुलीसकट तिघं पट्ट्या बुडवत बसायचो. एकदा त्याने मलाच अडवलं. प्रयोगशाळेतला आकडा आणि त्याच्या वहीतला आकडा जुळत नव्हता. "तुझी बाटली उन्हात ऱ्हायली असंल. माझं पानी तसं नाय." मी चौकशी केली. बाटली खरंच जीपमध्ये उन्हात राहिली होती.

ओढा काही एका वर्षात पूर्वीसारखा झाला नाही. खोटं कशाला सांगू. दगडांवरचा थर दोन पावसाळ्यांनी धुतला गेला. खाचराची कड तिसऱ्या वर्षी हिरवी राहिली. ओढ्याजवळची एक विहीर मात्र कायमचीच गेली, तिचं पाणी अजून कोणी पीत नाही. पण एका गुरुवारी दुपारी आई धुण्याची बादली घेऊन निघाली तेव्हा वाटेत भेटलेल्या दोघी बायकाही बादल्या घ्यायला घरी परतल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. चिंबोऱ्या आल्या की नाहीत यावर गावात अजून वाद होतो. बाबा म्हणायचे आल्या.

पुढे भोपाळची दुर्घटना झाली आणि दिल्लीत पर्यावरणाचा मोठा कायदा आला. आमचं काम वाढलं, अधिकारही वाढले. मग आम्हाला मुंबईला एका प्रशिक्षणाला बोलावलं. तिथे एका प्राध्यापकांनी फळ्यावर नवा शब्द लिहिला आणि त्याचं मराठी करून सांगितलं, शाश्वत विकास. आजच्या माणसाची गरज भागवायची, पण उद्याच्या माणसाची गरज भागणार नाही अशी वेळ आणायची नाही. सगळे वहीत लिहून घेत होते. मी पेन हातात धरून बसले. हे मी देवळाच्या पायरीजवळ उभं राहून ऐकलं होतं, टोपी सारखी करत बोलणाऱ्या माणसाकडून. शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, "लिहून घेत नाहीस?" मी म्हणाले, "माहितीये मला." फार उद्धट वाटलं असेल ते. पण त्या दिवशी मला उद्धट व्हावंसंच वाटलं.

घरी जाऊन बाबांना सांगितलं की तुमचं बोलणं आता मोठमोठ्या पुस्तकांत आलंय, त्याला असं असं म्हणतात. ते गोठ्यात होते. म्हशीच्या पोटाखालची कातडी तपासत म्हणाले, "आता आलं व्हय? बरं झालं. त्येंना म्हनावं, नुस्तं लिवून ठेवू नका."

त्याच सुमारास शेजारच्या गावाच्या हद्दीत दुसरा कारखाना येणार अशी बातमी आली. या वेळी त्या गावच्या लोकांनी जमिनीच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी आमच्या गावात निरोप धाडला. ठरलेल्या दिवशी तहसील कचेरीत बैठक होती. आमच्या कार्यालयातर्फे मला बोलावलं होतं, तर तिथे बाबा, दादा आणि दोन्ही गावचे पंधरावीस जण आधीच बाकांवर बसलेले. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मोठा नकाशा टेबलावर पसरला. इमारत इथे, रस्ता इथे, वसाहत इथे, झाडं इथे लावू.

दादाने वाकून नकाशा पाहिला. "साहेब, घान पानी कुठं साफ करनार? त्याच्या टाक्या दिसत नायत."

अधिकारी जरा गडबडले. ते नंतर बघू, जागा भरपूर आहे, असं काहीतरी म्हणाले.

"नंतर नाय," दादा म्हणाला. "आधी. मी पानी साफ करायचा प्लांट चालवतो, मला म्हाईत हाय किती जागा लागते." आणि त्याने ओढ्यापासून दूर, उताराच्या वरच्या अंगाला बोट ठेवून जागा दाखवली. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की संमतीपत्राच्या अर्जात हे लागेलच, आत्ताच दाखवलंत तर बरं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि बोटाच्या जागी एक फिकट चौकोन काढला.

बाबा इतका वेळ मागच्या बाकावर बसून होते. ते पुढे आले, नकाशावर वाकले.

"पेन्सिल नको, सायेब. शाईनं काढा."

अधिकाऱ्यांनी खिसे चाचपले. त्यांच्याकडे शाईचं पेन नव्हतं. तहसीलदारांनी हसत आपलं पेन पुढे केलं, आणि चौकोन परत काढून होईपर्यंत कोणी बाकावरून उठलं नाही.